मुरुमाला नख लावू नका!

मुलांनो, सातवी-आठवीत गेलं, की एखाद्या सकाळी आरशात पाहावं तर नाकावर एक लालचुटूक पाहुणा हजर! लगेच दोन नखं पुढे सरसावतात. पण थांबा. आधी हा पाहुणा येतो कुठून, ते पाहू.

आपल्या त्वचेत बारीक तेलग्रंथी असतात. त्यांच्या तेलामुळे त्वचा मऊ राहते. वयात येताना हार्मोन्समुळे हे तेल जास्त सुटतं. तेल आणि मृत पेशींचं बूच त्वचेच्या छिद्रात बसतं, आत जंतू वाढतात, सूज येते. हाच मुरूम! तो अस्वच्छतेची खूण नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. म्हणून वर्गात कुणाला त्यावरून चिडवू नका.

मुरूम फोडला की थोडा पू बाहेर येतो खरा. पण दाबामुळे उरलेला आत खोल जातो. छिद्राची भिंत फुटते, सूज पसरते, नखांतले जंतूही शिरतात. काही दिवसांत गेला असता तो मुरूम मग काळा डाग ठेवून जातो. आपल्या सावळ्या त्वचेवर असा डाग महिनोन्‌महिने टिकतो. कधी खड्डा पडतो, तो तर कायमचा! नाक आणि वरच्या ओठाजवळच्या शिरा मेंदूजवळच्या शिरांना जोडलेल्या असतात. तिथला जंतुसंसर्ग क्वचित, पण फार गंभीर ठरू शकतो.

मग करायचं काय? आमच्या काशीदला हवा दमट, घामही भरपूर. पुळणीवर खेळून आलात, की चेहरा साध्या पाण्याने धुवा. सौम्य साबण दिवसातून दोनदा पुरे. खसाखसा घासू नका. डोक्याला चपचपीत खोबरेल लावलं, की ते कपाळावर ओघळतं आणि छिद्रं बुजतात. तेव्हा तेल बेतानेच लावा. लिंबू, टूथपेस्ट चेहऱ्याला लावू नका.

पालकांनो, कुणी सांगितलं म्हणून कुठलंही मलम आणू नका. स्टेरॉइडच्या मलमाने मुरूम उलट वाढतात. दुखऱ्या गाठी येत असतील, डाग पडत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. बेन्झॉइल पेरॉक्साइडसारखी औषधं त्यांच्या सल्ल्याने लावली, तर 6 ते 8 आठवड्यांत फरक दिसू लागतो. आणि हो, ‘एवढ्याशा पुटकुळीचं काय घेऊन बसलीस!’ असं म्हणू नका. त्या वयात ती एवढीशी नसते.

मुलांनो, पाहुणा आला तसा जाईल. तोवर नखं कापलेली आणि हात चेहऱ्यापासून लांब!