मृद्भांडे आणि त्याचे मूळ स्थान

बंगळूरच्या उत्तरेस असलेले देवनहळ्ळी हे टिपू सुलतानाचे जन्मस्थान होय. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणच्या लढाईत टिपू मारला गेला आणि त्याच्या राजवाड्यातील असंख्य वस्तू इंग्रजी सैन्याने लुटल्या. त्यांपैकी त्याच्या खासगी दालनातील एक तलवार मे २०२३ मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांना विकली गेली. तलवार लुटीतलीच, परंतु ती कोणाची होती, कोठे मिळाली आणि जनरल बेअर्ड यांना कशी भेट दिली गेली, याची नोंद राहिली आहे. लिलावात एवढे मोल आले ते केवळ पोलादाला व सोन्याच्या नक्षीला नव्हे, तर या नोंदीलाही.

पुरावस्तूंच्या बाजारात अशी नोंद नेहमी मिळत नाही. भूमध्य समुद्राच्या परिसरातील चित्रित मृद्भांडी हे याचे ठळक उदाहरण आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या व पाचव्या शतकांत अथेन्सचे कुंभार तांबूस मातीच्या भांड्यांवर काळ्या रंगाने देव, योद्धे आणि खेळाडू रंगवीत. पुढे त्यांनी ही रीत उलटी केली : पार्श्वभूमी काळी व आकृती तांबडी. यांतील कितीतरी भांडी इटलीतील एट्रुस्कन लोकांनी विकत घेतली आणि आपल्या मृतांसोबत थडग्यांत ठेवली. म्हणूनच ती अखंड राहिली. आणि म्हणूनच थडगी फोडणाऱ्यांचे डोळे त्यांच्यावर गेले. लंडन व न्यूयॉर्कच्या लिलावांत आजही अशी भांडी येतात.

१९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने असेच एक भांडे सुमारे १० लाख डॉलर देऊन घेतले. ते लिलावातून नव्हे, एका व्यापाऱ्याकडून. द्राक्षमद्यात पाणी मिसळण्याचे हे मोठे पात्र, चित्रकार युफ्रोनिओस. मृत योद्धा सार्पेदोन याला निद्रा आणि मृत्यू या देवता उचलून नेत आहेत, असे त्यावरील चित्र आहे. भांडे लेबनॉनमधील एका संग्राहकाचे असल्याचे सांगण्यात आले. प्रत्यक्षात ते रोमजवळील चेर्वेतेरी येथील थडग्यातून चोरून काढले होते. १९९५ मध्ये जिनिव्हातील एका गोदामावर छापा पडला, तेथील कागदपत्रे व छायाचित्रे यांतून चोरट्या व्यापाराचे जाळे उघड झाले, आणि २००८ मध्ये पात्र इटलीला परत गेले. पात्र परत आले, थडगे मात्र परत येणार नव्हते. तेथे कोणाला पुरले होते, शेजारी आणखी काय होते, हे कळण्याचा मार्ग त्या चोरीच्या रात्रीच बंद झाला.

याउलट पुणे जिल्ह्यातील इनामगावकडे पाहावे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून अनेक वर्षे येथे शिस्तीने उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी येथे मूल दगावले, की त्याला दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरीत. सोबत काळ्या नक्षीचे तांबडे तोटीचे भांडे व वाडगा ठेवीत. हीच भांडी एखाद्या दुकानाच्या काचेमागे दिसली असती, तर ती सुबक मातकाम ठरली असती. मूल गमावलेल्या घराची ती खूण आहे, हे कोणालाही कळले नसते.

कायद्यानेही या नोंदीचे महत्त्व मानले आहे. भारतात १०० वर्षांहून जुनी पुरावस्तू परवान्याशिवाय विकण्याचा व्यवसाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. हा कायदा १९७२ चा. जमिनीत सापडलेले धन दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचे असेल, तर जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. ही तरतूद १८७८ च्या कायद्यातील. दहा रुपयांची ती मर्यादा आज हास्यास्पद वाटते, हे खरे.

प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये झाडाची मुळे खणताना एका मजुराला हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ अशी चार भव्य धातुशिल्पे मिळाली. ती सरकारकडे सुरक्षित पोचली. परंतु शास्त्रीय उत्खननात, ठरावीक थरात ती सापडली नव्हती. त्यामुळे ती नेमकी कोणत्या काळातील, याविषयी अभ्यासकांत मतभेद झाले.