नौकेचे दिवे आणि खारी हवा

नारळी पौर्णिमा जवळ आली की कोकण किनाऱ्यावर नव्या हंगामाची लगबग सुरू होते. होड्यांना रंग दिला जातो, जाळी विणली जातात, शिडे आणि दोर तपासले जातात. डोलकाठीवरील आणि नौकेच्या दोन्ही अंगांवरील लहान दिव्यांकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. वस्तुतः रात्रीच्या समुद्रावर नौकेचे अस्तित्व सांगणारी हीच मुख्य खूण होय. शिडाच्या नौकेला यंत्राचा आवाज नसतो आणि मोठ्या जहाजाच्या रडारवर लाकडी होडी अस्पष्टच उमटते. अशा वेळी दिवा मंदावला तर खलाशांचे प्राण धोक्यात येतात.

समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठी १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम ठरविण्यात आले आणि १५ जुलै १९७७ पासून ते अंमलात आले. त्यांनुसार सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत चालत्या शिडाच्या नौकेने उजव्या अंगाला हिरवा, डाव्या अंगाला तांबडा आणि मागे पांढरा दिवा दाखवावयाचा असतो. २० मीटरपेक्षा कमी लांबीच्या शिडाच्या नौकेला हे तिन्ही रंग डोलकाठीच्या टोकावरील एकाच दिव्यात दाखविता येतात. या रंगांवरूनच समोरच्या तांडेलाला दुसरी नौका कोणत्या दिशेने जात आहे, हे उमगते.

दिवा का मंदावतो?

दिवा लागेनासा झाला की प्रथम बल्ब बदलला जातो. पुष्कळदा दोष बल्बमध्ये नसून, बल्ब जेथे टेकतो त्या धातूच्या पट्ट्यांवर असतो. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले असता ते कळकते, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. दिव्यातही असाच प्रकार घडतो. खाऱ्या हवेतील ओलावा आणि क्षार यांमुळे तांब्यापितळेवर हिरवट थर चढतो. पितळ आणि लोखंड असे भिन्न धातू एकत्र आले असल्यास झीज अधिक वेगाने होते. हा थर विजेचा प्रवाह अडवितो.

नौकेवरील बॅटरी बहुधा १२ व्होल्टची असते. १० वॉटच्या साध्या बल्बच्या मार्गात गंजामुळे केवळ १ ओहम अडथळा आला, तरी सुमारे पाऊण व्होल्ट वाया जातो आणि प्रकाश जवळजवळ एक-पंचमांशाने घटतो. घरातील २३० व्होल्टच्या दिव्यावर एवढ्या घटीचा परिणाम जाणवतही नाही. एलईडी दिवे वीज कमी घेतात, परंतु त्यांचे सांधेही क्षाराने बिघडतात आणि दिवा लुकलुकू लागतो.

सफाईची रीत

प्रथम दिव्याचे बटण बंद करून बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी. बल्ब काढून पट्ट्या गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसाव्यात. क्षार पाण्यात विरघळतो, तेलात नाही. म्हणून थरावर नुसते तेल सोडल्याने उपयोग होत नाही. हिरवट थर उरल्यास व्हिनेगर किंवा लिंबाचा रस कापसाच्या बोळ्याने लावून काही मिनिटे ठेवावा आणि पुन्हा गोड्या पाण्याने पुसून काढावा. घरातील भांड्यांप्रमाणे चिंचेबरोबर मीठ मात्र वापरू नये, कारण मीठ हेच येथे रोगाचे मूळ आहे. राहिलेला थर बारीक पॉलिश कागदाने हलक्या हाताने घासावा. लोखंडी काथ्या वापरू नये. त्याचे तुटलेले तंतू आत राहून गंजतात.

पट्ट्या पूर्ण वाळल्यावर सैल झालेली पट्टी किंचित वाकवून बल्बवर तिचा दाब नीट बसेल असे करावे. नंतर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा, म्हणजे ओलावा धातूपर्यंत पोहोचत नाही. झाकणाचे रबर कडक झाले असल्यास बदलावे. तार काळी पडली असल्यास कल्हई केलेल्या तांब्याची तार घालावी. भांड्याला कल्हई जे काम करते, तेच ती येथे करते.

शेवटी दिवा लावून मीटरने बॅटरीजवळचा आणि दिव्याजवळचा व्होल्टेज मोजावा. दोहोंतील फरक साधारण ३ टक्क्यांहून, म्हणजे १२ व्होल्टमागे सुमारे ०.३६ व्होल्टहून अधिक असल्यास दुसरा एखादा सांधा गंजलेला आहे, असे समजावे. डोलकाठीच्या पायथ्याशी असलेला तारांचा जोड तेव्हा अवश्य तपासावा.

या कामास लागणारे साहित्य बहुतांशी घरातच मिळते आणि एका दिव्यास अर्ध्या तासाहून फारसा अधिक वेळ लागत नाही. किनाऱ्यावरील ग्रामपंचायती आणि मच्छीमार सहकारी संस्थांनी हंगामापूर्वी एक दिवस दिव्यांच्या तपासणीसाठी ठरविल्यास, शाळांतील विज्ञान शिक्षकांनी मीटरचा वापर करून दाखविल्यास, हे ज्ञान प्रत्येक होडीपर्यंत पोहोचेल. घरची माणसे किनाऱ्यावरून वाट पाहत असतात. बंदराकडे परतणारा दिवा त्यांना लांबूनच स्वच्छ दिसावा, यासाठी एवढी दक्षता अगत्याची आहे.