रानात टांगलेले सिनेमे

ज्वारी हुरड्यात आली की रानात पाखरांचे थवे उतरू लागतात. पूर्वी माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणारा एखादा म्हातारा किंवा शाळेला दांडी मारलेला पोरगा असे. आता त्या जागी पुष्कळ ठिकाणी दोऱ्यांना टांगलेल्या चकचकीत तबकड्या दिसतात. वाऱ्याने त्या गरगरतात, उन्हात लखलखतात आणि पाखरे बिचकून उडतात. युक्ती चांगली आहे, फुकटातली आहे. पण त्या तबकड्या कशाच्या आहेत, हे कधी उलटून पाहिले आहे काय?

आम्ही पाहिले, पण उशिरा. घरातल्या पत्र्याच्या पेटीत पंधरा-वीस वर्षे पडलेला सीड्यांचा गठ्ठा पोरांनी काढला आणि रानात टांगला. आठवड्याने मी बांधावर गेलो. पहिल्याच दोरीला ‘श्यामची आई’चा पहिला भाग होता. आईने तो चार वेळा तरी डोळे पुसत पाहिला होता. त्याच्या पुढच्या दोरीला एक बिनचित्राची, हाताने लिहिलेली तबकडी होती. वडिलांच्या अक्षरात लिहिले होते, ‘धाकट्याचे लग्न, २००७’. वडील जाऊन आता सहा वर्षे झाली.

त्या तबकडीचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी या चकचकीत वस्तूची नीट ओळख करून घेऊ. कारण अशी पेटी तुमच्याही घरी माळ्यावर किंवा कपाटाखाली असणार, याची मला खात्री आहे.

तंबूपासून तबकडीपर्यंत

आपल्या खेड्यापाड्यांत सिनेमा आधी जत्रेबरोबर आला. तंबू ठोकायचा, मध्ये पडदा लावायचा, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला गडी. मग व्हिडिओ आला. गणपतीत वर्गणी काढून एका रात्रीपुरता टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून उजाडेपर्यंत तीन-तीन सिनेमे बघायचे, हे ज्यांनी केले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

सिनेमाची तबकडी तशी जुनी आहे. लेसरडिस्क नावाची जेवणाच्या ताटाएवढी तबकडी १९७८ साली अमेरिकेत विक्रीस आली होती, पण ती आपल्याकडच्या घरांत कधी पोचली नाही. आपल्याकडे खरी पोचली ती व्हीसीडी. तिचे मोजमाप १९९३ मध्ये ठरले. एका व्हीसीडीवर ७४ मिनिटांचा सिनेमा मावतो, म्हणून आपले सिनेमे दोन-दोन, तीन-तीन तबकड्यांच्या डबीत मिळत. डीव्हीडी १९९६ अखेरीस जपानमध्ये बाजारात आली. तिच्या एका तबकडीत अख्खा सिनेमा बसतो आणि चित्रातले ठिपके व्हीसीडीच्या सुमारे चौपट असतात. म्हणूनच डीव्हीडीवर गर्दीतले चेहरेही ओळखू येतात. २००६ मध्ये आलेल्या ब्लू-रेमध्ये ठिपके डीव्हीडीच्याही पाचपट.

या तबकड्या आधी महाग होत्या. मग मोझर बेअर या भारतीय कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली आणि आठवडे बाजारात भाजीच्या पिशवीबरोबर सिनेमाही घरी येऊ लागला. ‘पिंजरा’, ‘अशी ही बनवाबनवी’, ‘माहेरची साडी’ हे सिनेमे त्या काळात आपल्या घरांत शिरले ते कायमचेच.

पुढे मोबाईल आला आणि सारे फिरले. मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. अमेरिकेत पोस्टाने डीव्हीडी घरपोच पाठवण्यापासून धंदा सुरू करणाऱ्या नेटफ्लिक्सनेही २०२३ च्या सप्टेंबरात ते काम बंद केले.

मोबाईलवर सगळे मिळते, मग तबकडी कशाला?

हा प्रश्न तुमच्या घरातली तरणी पोरे विचारतील. त्यांना बियाण्याचे उदाहरण द्या. दुकानात बियाणे मिळते, हे खरे. पण कोणते मिळेल, कधी मिळेल आणि पुढच्या वर्षी तेच वाण राहील का, हे दुकानदार ठरवतो. घरच्या कणगीत राखलेले बियाणे आपल्या हातात असते. मोबाईलवरचा सिनेमा हा दुकानातला सिनेमा आहे. कंपनीचा करार संपला की तो एका रात्रीत नाहीसा होतो. कधी तो कापलेला मिळतो, कधी त्यातली गाणीच गायब असतात.

‘शोले’चे उदाहरण घ्या. १९७५ मध्ये थेटरात तो लागला तेव्हा शेवटी पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात. पण आधी चित्रित केलेला शेवट वेगळा होता. त्यात ठाकूर गब्बरला ठार करतो. सेन्सॉरमुळे तो बदलावा लागला. तो मूळ शेवट पुढे घरगुती कॅसेट आणि तबकड्यांवर आला आणि २०२५ मध्ये दुरुस्त केलेल्या नव्या प्रतीतही दाखवला गेला. मधल्या काळात तो लोकांनी पाहिला तो घरात जपलेल्या प्रतींवर.

आणि सिनेमा हरवतो, हे आपल्या देशाने पुरेपूर अनुभवले आहे. १९३१ चा ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज सापडत नाही. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा फक्त काही भाग उरला आहे. जुन्या सिनेमांची जपणूक करणारे राष्ट्रीय संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर कितीतरी फिती भंगारात गेल्या होत्या. आणि २००३ च्या जानेवारीत पुण्यातच जुन्या ज्वालाग्राही फितींच्या गोदामाला आग लागून मोठा ठेवा जळाला.

आपल्या पेटीतल्या तबकडीने राष्ट्राचा ठेवा वाचेल असे मी म्हणत नाही. पण घराचा ठेवा नक्की वाचेल. ज्या आजीला मोबाईलवर बोट कसे फिरवायचे ते जमत नाही, तिला तबकडी घालून एक बटण दाबता येते. त्याला इंटरनेट लागत नाही, मध्ये जाहिरात येत नाही आणि सारे घर एका पडद्यासमोर बसते. हे शेवटचे सर्वांत मोलाचे.

तबकडीचे पोट

तबकडी जपायची तर तिची रचना ठाऊक हवी. ती पॉलीकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकची असते. त्यावर अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा आणि वर संरक्षक लेप. चित्र आणि आवाज हे सूक्ष्म खळग्यांच्या रूपात कोरलेले असतात. खळग्यांची ही रांग आतून बाहेर जाते. खळ्यावर बैल तिवड्याभोवती फिरत फिरत दरवेळी जरा बाहेर सरकावा, तशी. ही रांग उलगडून सरळ केली तर साध्या सीडीची पाच किलोमीटरच्या वर भरते. लेसरचा किरण ती रांग वाचत जातो. म्हणजे सिनेमाची सुरुवात तबकडीच्या मध्याजवळ असते आणि शेवट कडेकडे.

आता एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. आपण चकाकणारी बाजू जपतो आणि चित्राची बाजू खुशाल जमिनीवर ठेवतो. सीडी आणि व्हीसीडीच्या बाबतीत हे उलटे आहे. खळगे आणि मुलामा चित्राच्या बाजूलाच, लेपाच्या लगेच खाली असतात. तिथे ओरखडा पडला तर मुलामाच निघतो आणि तो परत येत नाही. डीव्हीडीत खळगे दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतात, म्हणून ती या बाबतीत जरा दणकट.

लग्नाच्या, बारशाच्या तबकड्या मात्र वेगळ्या जातीच्या. त्यांवर खळगे नसतात. एक रंगद्रव्य असते आणि त्यावर लेसरने डाग पाडून चित्र लिहिलेले असते. हे रंगद्रव्य उन्हाने आणि उष्णतेने विटते. बाजारातला सिनेमा पुन्हा कुठेतरी मिळेल, पण तुमच्या घरचे लग्न जगात दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. म्हणून आधी या तबकड्यांकडे बघा.

निगा कशी राखाल?

तबकड्या एकावर एक रचू नका. प्रत्येकीला डबी द्या आणि पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. पत्र्याखालचा माळा, चुलीजवळचा कोनाडा, खताच्या पोत्यांची खोली या तिन्ही जागा वर्ज्य. घरातल्या मधल्या खोलीतले, ओल न धरणारे लाकडी कपाट उत्तम. डबीतून काढताना तबकडी वाकवून ओढू नका. मधली खुंटी दाबा, ती आपोआप सुटते. वर कागद चिकटवू नका आणि टोकदार पेनाने लिहू नका.

धूळ बसली तर मऊ सुती कापड साध्या पाण्यात भिजवून पुसा. फार चिकट असेल तर सौम्य साबणाचा एक थेंब पुरे. पुसताना हात मध्यापासून सरळ कडेकडे न्या, गोल फिरवू नका. आडवा ओरखडा यंत्र बरेचदा सांभाळून घेते. रांगेच्या दिशेने पडलेला गोल ओरखडा मात्र सलग मजकूर खाऊन टाकतो. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांचा हातही लावू नका.

यंत्र बंद पडले म्हणून लगेच भंगारात घालू नका. तबकडीचा ट्रे बाहेर येत नसेल तर बहुतेकदा आतला छोटा रबरी पट्टा सैल झालेला असतो. तो बदलणे किरकोळ काम आहे. नव्या टीव्हीला जुन्या यंत्राच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींची भोके नसली तर मध्ये जोडायची छोटी डबी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, ती ‘एचडीएमआय’ची म्हणून मागा. ब्लू-रेचे यंत्र डीव्हीडी चालवते, पण प्रत्येक यंत्र व्हीसीडी चालवेलच असे नाही. घेण्यापूर्वी आपली एक व्हीसीडी नेऊन लावून पाहा.

संग्रह करायचा तर

ज्यांना हौसेने सिनेमे जमवायचे आहेत त्यांनी आठवडे बाजारातला भंगारवाला आणि तालुक्याला आता मोबाईलची झालेली कॅसेटची जुनी दुकाने गाठावीत. मागच्या फळीवर अजून डब्या असतात. घेताना डबी उघडा आणि तबकड्या मोजा. दुसऱ्या भागाच्या जागी भलत्याच सिनेमाची तबकडी असण्याचा अनुभव पुष्कळांना आहे. तबकडी उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढी भोके चमकली तर मुलामा गेला आहे, सोडून द्या. मध्याच्या भोकाला तडा असेल तरी सोडा, कारण फिरताना ती यंत्रात फुटू शकते.

परदेशात असलेल्या भाचा-पुतण्याकडून डीव्हीडी मागवत असाल तर एक अडचण आहे. या तबकड्यांना जगाच्या विभागांप्रमाणे क्रमांक दिलेले असतात. भारताचा क्रमांक ५, अमेरिकेचा १. तिकडची तबकडी इकडच्या यंत्रात चालत नाही, जर यंत्र सर्व विभागांचे नसेल.

आणि संग्रह चोरीचा नसावा. दुसऱ्याच्या सिनेमाच्या नकला काढून विकणे हा गुन्हा आहे. सिनेमाचा कायदेशीर हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. त्यामुळे १९३६ चा ‘संत तुकाराम’ किंवा १९५३ चा ‘श्यामची आई’ आता सर्वांचे झाले आहेत.

शंभर सिनेमे हवेत असे नाही. घरातल्या प्रत्येकाला विचारा, तुझा एक कोणता? आजी, सून, नातू, प्रत्येकाचा एक. दहा-बारा सिनेमे होतील. त्या घराचा तो खरा संग्रह.

त्या तबकडीचे काय झाले?

‘श्यामची आई’ पुसून लावली, तर सुरुवातीला अडखळून व्यवस्थित चालली. छापील तबकडी आठवडाभराचे ऊन सोसून गेली. लग्नाच्या तबकडीला ते झेपले नाही. हळदीपासून मंगलाष्टकांपर्यंत चित्र आले आणि वरात सुरू झाली तशी ती अडकली. शेवट कडेला असतो, हे वर सांगितलेच.

वडील आयुष्यात कधी नाचले नव्हते. त्या वरातीत मात्र भावकीने त्यांना ओढून आणले होते आणि ते टोपी सावरीत, लाजत लाजत चार पावले नाचले होते. तेच बघायचे होते. शेजारच्या मुलाने तबकडी जुन्या संगणकात घालून अगदी सावकाश, पुन्हा पुन्हा वाचून घेतली. दोन दिवसांनी वरातीचा निम्मा भाग हाती लागला. त्यात वडील टोपी सावरताना दिसतात, कोणीतरी त्यांचा हात धरते आणि तिथेच चित्र थांबते.

आता त्याच्या तीन नकला केल्या आहेत. एक घरात, एक बहिणीकडे, एक संगणकात. हे काम आधी केले असते तर ती चार पावलेही राहिली असती.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या आवराआवरीची वाट पाहू नका. या आठवड्यातच पेटी खाली काढा. लग्नाच्या, बारशाच्या, गेलेल्या माणसांच्या तबकड्या आधी बाजूला करा आणि यंत्र चालते आहे तोवर त्यांच्या नकला करून दोन घरी ठेवा. मग आवडीचे सिनेमे पुसून डबीत घाला. राहिलेल्या कोऱ्या आणि फुटक्या तबकड्या खुशाल रानात टांगा. पाखरांना त्यात काय आहे याच्याशी कर्तव्य नसते, ते आपल्याला असते.