भाड्याने देण्यासाठी घर : बँकेचे कर्ज आणि आपला पगार



आपल्या समाजातील नोकरदारांची पहिली पिढी राहत्या घरासाठी झिजली. पेण, रोहा, नागोठणे या भागात एखाद्या बांधवाचे स्वतःचे घर झाले, मुले मार्गी लागली की पुढचा प्रश्न कानावर येतो : "दादा, अजून एक ब्लॉक घेऊन भाड्याने दिला तर? भाड्यातून हप्ता सुटेल ना?" हा प्रश्न हौसेचा नाही. धाटावच्या एम.आय.डी.सी.त कंत्राटावर राबणाऱ्याला प्रॉव्हिडंट फंडाची पेन्शन मिळाली तरी तीवर घर चालत नाही. भाड्याची खोली ही त्याला म्हातारपणाची काठी वाटते. शिवाय आडनाव विचारून "खोली कालच दिली" असे उत्तर ऐकलेल्या आपल्या मुलांना आपल्याच माणसाची खोली मिळाली, तर तेही लहान काम नव्हे.

प्रश्नाचे उत्तर मात्र आधीच देतो. भाड्यातून हप्ता सुटत नाही. समजा १५ लाखांचा ब्लॉक आहे आणि बँकेने १२ लाख दिले. व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षे धरली तर हप्ता सुमारे १०,८०० रुपये येतो. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात ९,००० रुपये केवळ व्याज असते, मुद्दलात जमा होतात ते १,८०० च्या आसपास. भाडे ५,००० आले तर ते व्याजालाही पुरत नाही. त्यात सोसायटीचा देखभाल खर्च, घरपट्टी, रंगरंगोटी आणि वर्षातले एक-दोन रिकामे महिने. म्हणजे दरमहा सहा-सात हजार रुपये आपल्या पगारातून घालायचे, तेही अनेक वर्षे. ज्याला हे झेपते त्याने जरूर घ्यावे. भाड्याच्या भरवशावर उडी घेऊ नये.

बँकही मुख्यतः भाडे पाहत नाही, पगार पाहते. सर्व कर्जांचे हप्ते मिळून हाती येणाऱ्या पगाराच्या साधारण ४० ते ५० टक्क्यांच्या आत असावेत असा तिचा ठोकताळा असतो. २५,००० पगार असेल तर ४० टक्क्यांनी १०,००० झाले. त्यातून मोटारसायकलचा २,५०० चा हप्ता वजा केला की उरले ७,५००. वरच्याच दराने २० वर्षांसाठी सुमारे सव्वाआठ लाख कर्ज बसते. पण अर्जदार ४८ वर्षांचा असेल आणि साठीला निवृत्त होणार असेल, तर मुदत १२ वर्षांचीच मिळते आणि रक्कम साडेसहा लाखांवर येते. वय वाढले की कर्ज आटते ते असे. म्हणून कमावती पत्नी, मुलगा किंवा मुलगी यांना सहकर्जदार करतात. मात्र सहकर्जदार हा साक्षीदार नव्हे. संपूर्ण कर्जाला तोही तितकाच बांधील असतो, आणि उद्या त्याच मुलाला स्वतःचे घर घ्यायचे झाले की हे कर्ज आडवे येते.

दुसऱ्या माणसाला दिलेली जामीनकीही तशीच आडवी येते. आपल्याकडे शब्दाला जागण्याच्या नादात सह्या फार होतात. ज्याचा जामीन त्याने हप्ते थकवले तर डाग आपल्या सिबिल अहवालावर दिसू शकतो. हा संपूर्ण अहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. अर्ज करण्यापूर्वी तो पाहावा. रोखीने पगार घेणाऱ्यांनी निदान वर्षभर तो आपल्या बचत खात्यात भरून नंतर काढावा. खात्यात नोंद नसलेली कमाई बँकेच्या लेखी कमाई नसते.

आता स्वतःच्या पैशांविषयी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देता येते. दुसऱ्या घराला बँका अनेकदा हात आखडता घेतात. मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च किमतीत धरत नाहीत, फक्त १० लाखांपर्यंतच्या घराला तशी मुभा आहे. ही पुंजी साठवताना ती सगळी एकाच ठिकाणी ठेवू नये. सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले तेव्हा किती घरांची स्वप्ने त्या ठेवींत अडकली, हे पेणकरांना सांगण्याची गरज नाही. त्या वेळी ठेवीला १ लाखापर्यंतच विमा होता. २०२० पासून तो दर ठेवीदारामागे, दर बँकेत ५ लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही.

घर संपूर्णपणे स्त्रीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना हे वेगळे सांगावे लागू नये, पण खरेदीखतांवर अजून पुरुषांचीच नावे जास्त दिसतात.

कागदपत्रांच्या बाबतीत आपल्या लोकांनी एक गोष्ट विशेष तपासावी. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ वतने प्रत्यक्षात नाहीशी झाली ती १९५८ च्या कायद्याने. त्यानंतर ज्या जमिनी वतनदारांना परत मिळाल्या त्या बहुधा नवीन शर्तीने मिळाल्या, आणि सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' अशी नोंद राहिली. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. कुणी बिल्डरने परवानगी न घेता तिच्यावर इमारत उभी केली असेल, तर बँकेचा वकील पहिल्याच दिवशी फाईल परत करतो, आणि ते बरेच म्हणायचे. बयाणा देण्यापूर्वी सातबारा, फेरफार, बिनशेतीचा आदेश आणि बांधकाम परवानगी पाहावी. नव्या मोठ्या प्रकल्पाचा महारेरा क्रमांकही पाहावा.

माझे मत विचाराल तर बेताच्या पगारवाल्याने नव्या ब्लॉकपेक्षा स्वतःच्या घराला लागून किंवा वरती एक खोली, मोरी, संडास बांधून ती भाड्याने द्यावी. जागा आपलीच असते. रीतसर परवानगी आणि स्वच्छ कागद असतील तर बँका वाढीव बांधकामासाठी कर्ज देतात. समजा ३ लाख कर्ज, ९ टक्के, १० वर्षे. हप्ता ३,८०० रुपये. खोलीला ३,००० भाडे आले तर पदरचे ८०० घालायचे. दहा वर्षांनी खोली मोकळी. भाडेकरू एक महिना नसला तरी घरात चूल पेटते. ब्लॉकइतका रुबाब त्यात नाही, हे खरे.

पंतप्रधान आवास योजनेचे अनुदान यासाठी मागू नये. ज्याच्या कुटुंबाचे कुठेही पक्के घर नाही त्याच्यासाठी ते आहे. तसेच अर्जात "स्वतः राहण्यासाठी" असे खोटे लिहू नये. घर भाड्याने देण्यापूर्वी बँकेची संमती लागते का, हे करारात वाचावे. भाडेकरूशी लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून नोंदवावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि वाद झाल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ओळखीचा माणूस आहे, आपल्याच वस्तीतला आहे, म्हणून करार टाळणारे पुष्कळ आहेत.

हप्ता ९० दिवस थकला की कर्ज अनुत्पादक ठरते. त्यापुढे २००२ च्या सरफेसी कायद्याने ६० दिवसांची नोटीस देऊन बँक घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. म्हणून हप्ता अडेल असे दिसताच नोटिशीची वाट न पाहता शाखेत जाऊन बोलावे. लवकर बोलणाऱ्याला मुदतवाढ मिळण्याची शक्यता असते. निदान सहा हप्त्यांइतकी रक्कम वेगळी ठेवूनच कर्जाला हात घालावा. बोनस आला की थोडे मुद्दल फेडावे. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँक घेऊ शकत नाही.

कर्ज फिटल्यावर बँकेकडे गहाण ठेवलेले मूळ खरेदीखत ३० दिवसांत परत मिळाले पाहिजे. १ डिसेंबर २०२३ पासून, बँकेमुळे उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला मिळते. त्याच वेळी कर्जफेडीचा दाखला घ्यावा, आणि सातबारावर अथवा मिळकतीच्या उताऱ्यावर बँकेचा बोजा चढवलेला असल्यास तो कमी करून नवा उतारा घरी आणावा.