आतड्यावरची विसरलेली पिशवी

कोंबडीचे अंडे फोडले की आत पिवळा बलक दिसतो. अंड्यात वाढणाऱ्या पिल्लाची शिदोरी ती हीच. एका बारीक नळीने ती त्याच्या आतड्याला जोडलेली असते. तुम्हीआम्ही वाढलो ते आईच्या पोटात, वारेतून मिळालेल्या अन्नावर. तरीही पहिल्या काही आठवड्यांत आपल्यालाही अशी एक बलकपिशवी आणि अशीच नळी होती! सातव्या आठवड्याच्या सुमारास ती नळी आटून नाहीशी होते.

मात्र शंभरांतल्या सुमारे दोघांत ती पुरती आटत नाही. मग लहान आतड्याच्या शेवटच्या भागावर, मोठे आतडे साधारण दोन फुटांवर राहिले असता, दोनएक इंचांची एक पिशवी उरते. तिचे मूळ या नळीत आहे, हे जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ योहान फ्रीडरिश मेकेल यांनी १८०९ साली मांडले. म्हणून ती मेकेलची पिशवी.

बहुतेकांना जन्मभर तिचा पत्ताही लागत नाही. त्रास होतो तो पुष्कळदा तिच्यातल्या परक्या अस्तरामुळे. काहींच्या पिशवीला आतून चक्क जठराचे अस्तर असते आणि ते जठराप्रमाणेच अम्ल स्रवते! जठर ते सोसते, शेजारच्या आतड्याला ते सोसत नाही. तेथे व्रण पडतो, रक्त वाहू लागते. हे बहुधा लहान मुलांत घडते. शौचातून गडद लाल रक्त जाते, मूल पांढुरके पडते, पण पोट दुखतेच असे नाही. दुखत नाही म्हणून घरची मंडळी ‘उष्णता झाली असेल’ असे म्हणून थांबतात. तसे थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

साध्या क्ष-किरण चित्रात ही पिशवी सहसा दिसत नाही. म्हणून शिरेतून किरणोत्सर्गी टेक्नेशियम अल्प प्रमाणात देतात. त्याचा अर्धायुकाल अवघा ६ तासांचा. जठराचे अस्तर ते टिपून घेते. गॅमा कॅमेऱ्यात जठराचा ठिपका दिसणारच. खाली, बहुधा बेंबीच्या उजवीकडे, दुसरा ठिपका उमटला की चोर सापडला! अर्थात पिशवीत जठराचे अस्तर नसेल, तर ही युक्ती चालत नाही.

कधी पिशवी सुजते आणि दुखणे थेट अपेंडिक्ससारखे भासते. शस्त्रक्रियेत अपेंडिक्स निरोगी निघाले, तर शल्यविशारद लहान आतडे मागे मागे तपासत जातात, ते हिच्याच शोधात. कधी पिशवीपासून बेंबीपर्यंत एक दोरी उरलेली असते. तिच्याभोवती आतड्याला पीळ पडला की पोट फुगते, हिरवट उलट्या होतात. अशा वेळी एकेक तास मोलाचा असतो.

उपाय शस्त्रक्रियेचाच. रक्तस्राव झालेला असेल तर पुष्कळदा पिशवीबरोबर आतड्याचा लहानसा तुकडाही काढतात, कारण व्रण असतो तो बहुधा शेजारच्या आतड्यावर.