घरखरेदीतील सल्लागार : नुंगंबाक्कममधील समज आणि वस्तुस्थिती

चेन्नईचा नुंगंबाक्कम हा भाग ईस्ट इंडिया कंपनीकडे १७०८ साली आलेल्या पाच गावांपैकी एक असून, आज तेथील घरांचा बाजार मुख्यतः जुन्या बंगल्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या लहान इमारतींचा आणि त्यांतील सदनिकांच्या पुनर्विक्रीचा आहे. अशा बाजारात घर घेणाऱ्याला दलाल, वकील, दस्तलेखक, बँकेचा अधिकारी आणि अभियंता एवढ्या साऱ्यांशी व्यवहार करावा लागतो, आणि यांपैकी प्रत्येक जण प्रामाणिक असला की व्यवहार निर्धोक झाला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रत्यक्षात यांतील प्रत्येकाची जबाबदारी त्याला ज्याने नेमले त्याच्यापुरती आणि जो प्रश्न विचारला गेला त्या प्रश्नापुरतीच असते, आणि बहुतेक गैरसमजांचे मूळ ही मर्यादा लक्षात न घेण्यात आहे.

दलाल ‘रेरा’कडे नोंदलेला आहे, म्हणजे त्याने दाखवलेले घर तपासलेले आहे, हा पहिला समज. स्थावर संपदा (नियमन आणि विकास) अधिनियम, २०१६ यानुसार दलालाला नोंदणी सक्तीची आहे ती विकासकाकडून विकल्या जाणाऱ्या, नोंदणीपात्र प्रकल्पांतील व्यवहारांसाठी; एका मालकाने दुसऱ्याला विकलेली जुनी सदनिका त्या चौकटीबाहेर राहते. शिवाय जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील तर प्रकल्पाचीच नोंदणी सक्तीची नसते, आणि नुंगंबाक्कमच्या गल्ल्यांतील कित्येक इमारती नेमक्या याच मापाच्या आहेत. म्हणजे जेथे ग्राहकाला संरक्षणाची सर्वाधिक गरज भासते तेथेच नोंदणी क्रमांक सर्वांत कमी उपयोगाचा ठरतो. याउलट प्रकल्प नोंदलेला असेल तर नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही, हे ‘टोकन’साठी घाई करणाऱ्या दलालाला सांगण्याजोगे आहे.

दुसरा समज अधिक खोलवर रुजलेला आहे : बँकेने कर्ज मंजूर केले, तेव्हा तिच्या वकिलाने कागद पाहिलेच असणार. बँकेच्या यादीवरील वकील बँकेच्या कर्जाची सुरक्षितता पाहतो. त्याचा अभिप्राय बँकेच्या मालकीचा असतो आणि तो चुकला तरी हप्ते खरेदीदारालाच भरावे लागतात. तो वकील बहुधा ज्यावर विसंबतो तो कागद म्हणजे नोंदणी खात्याकडून मिळणारा बोजा दाखला, ज्याला स्थानिक लोक तमिळमध्ये ‘विल्लंगम’ म्हणतात. त्यात ठरावीक मुदतीत त्या मिळकतीबाबत नोंदले गेलेले दस्त, त्यांचे क्रमांक आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांची नावे एकाखाली एक येतात. जे नोंदलेच गेले नाही ते मात्र त्यात येत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५८ मध्ये कोलकाता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांची नावे घेऊन, केवळ हक्काची कागदपत्रे सावकाराकडे ठेवून गहाण करण्याची मुभा दिलेली आहे. असे गहाण नोंदलेल्या लेखाशिवाय झाले तर दाखला कोरा दिसतो आणि कर्ज मात्र खरे असते. म्हणून मूळ कागद, तमिळमध्ये ज्याला ‘ताय पत्तिरम’ म्हणजे मातृदस्त म्हणतात तो, झेरॉक्सवर न भागवता विक्रेत्याच्या हातात प्रत्यक्ष पाहण्याला पर्याय नाही. मृत्युपत्राने आलेल्या घरांचेही असेच आहे : मुंबईप्रमाणे मद्रास शहरातही हिंदूंच्या मृत्युपत्रासाठी न्यायालयाचे प्रमाणपत्र, म्हणजे प्रोबेट, दीर्घकाळ सक्तीचे होते, आणि जुन्या हस्तांतरणांच्या साखळीत ते राहून गेले आहे का, हे विचारल्याखेरीज कोणी आपणहून सांगेलच असे नाही.

दस्त नोंदला गेला की मालकी सरकारने मान्य केली, ही समजूत दस्तलेखकांच्या टेबलाभोवती नेहमी ऐकू येते. तमिळनाडूच्या नोंदणी नियमांतील नियम ५५-अ याने आधीचा मूळ दस्त दाखवल्याशिवाय नोंदणी नाकारण्याचा अधिकार दुय्यम निबंधकाला दिला होता. परंतु सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ‘के. गोपी’ खटल्यात तो भाग रद्द केला आणि १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली विक्रेत्याची मालकी पडताळणे हे निबंधकाचे काम नाही, असे स्पष्ट केले. दस्तलेखकाचे काम तर मजकूर नमुन्यात बसवण्यापुरतेच; तो परवानाधारक असला तरी वकिलाच्या जागी बसत नाही.

महाराष्ट्रातून चेन्नईत स्थिरावलेल्या कुटुंबांचा एक स्वतंत्र समज आहे, तो म्हणजे पुण्या-मुंबईचा ओळखीचा, निष्णात वकील येथेही पुरेसा होईल. महाराष्ट्रात सातबारा किंवा मिळकत पत्रिका, गृहनिर्माण संस्था आणि तिचे भागपत्र यांभोवती तपासणी फिरते. तमिळनाडूत ती फिरते पट्ट्याभोवती, म्हणजे महसूल खात्याच्या जमीनधारणेच्या उताऱ्याभोवती, आणि सदनिकेबरोबर विकल्या जाणाऱ्या जमिनीच्या अविभक्त हिश्श्याभोवती. येथे जमीन ‘ग्राउंड’मध्ये मोजतात आणि एक ग्राउंड म्हणजे २,४०० चौरस फूट. दोन ग्राउंडांवर, म्हणजे ४,८०० चौरस फुटांवर, आठ सदनिका असून सातांना प्रत्येकी ६०० चौरस फूट हिस्सा आधीच विकला गेला असेल, तर आठव्या दस्तात ७५० लिहिले तरी शिल्लक ६०० च असतात. ही बेरीज करायला सर्व सदनिकांचे दस्त काढावे लागतात, आणि ‘मालकी स्वच्छ आहे का’ एवढाच प्रश्न विचारलेला वकील ते काढतोच असे नाही. त्या कामासाठी तमिळ कागद मुळातून वाचणारा स्थानिक वकील हवा, आणि दलालाने सुचवलेला नको.

इमारतीला चेन्नई महानगर विकास प्राधिकरणाची परवानगी आहे, मग अभियंता कशाला, असेही विचारले जाते. पोरूरजवळच्या मौलिवाक्कम येथे २८ जून २०१४ रोजी कोसळलेली अकरा मजली इमारत परवानगी मिळालेलीच होती, आणि त्या दुर्घटनेत ६१ माणसे दगावली. नुंगंबाक्कमचा काही भाग बुजवलेल्या तलावावर वसलेला आहे. १९७६ साली उभारलेले वळ्ळुवर कोट्टमही त्याच जमिनीवर आहे. अशा ठिकाणच्या चाळीस वर्षांच्या सदनिकेचे खांब आणि तळघर स्थापत्य अभियंत्याने पाहणे ही चैन नव्हे.

करसल्लागाराला मात्र कोणी विचारतच नाही. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरावर खरेदीदाराने १ टक्का करकपात करायची असते, हे पुष्कळांना ठाऊक असते. ती १ टक्क्याची सोय विक्रेता भारतात निवासी असेल तरच आहे, हे थोड्यांना. मालक अमेरिकेत स्थायिक झालेला असेल तर कपातीचा दर बराच अधिक असतो आणि कमी कापल्यास थकबाकी खरेदीदाराकडून वसूल होते.

शेवटचा समज असा की वकिलाने चूक केली तर ग्राहक मंचात दाद मागता येईल. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी वकिली सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. गैरवर्तनाची तक्रार राज्य वकील परिषदेकडे करता येते, नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा उरतो. त्यामुळे वकिलाचा अभिप्राय तपासलेल्या कागदांच्या यादीसह, स्वाक्षरीनिशी आणि खरेदीदाराच्या नावे लेखी घ्यावा, आणि तो हाती पडेपर्यंत विसार देऊ नये.