बैलाची झूल : पोळ्याची नव्हे, थंडीतली



झूल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढं पोळा-बेंदराची झूल येते. आरसे लावलेली, गोंडे सोडलेली, रेशमी काठाची. ती मिरवणुकीपुरती. या लेखात सांगायचं आहे ते दुसऱ्या झुलेविषयी. गळीत हंगामात पौष-माघाच्या थंडीत, उसाची गाडी ओढून घामाघूम झालेला बैल यार्डात नंबराला उभा असतो, तेव्हा त्याच्या पाठीवर जे पडायला हवं, आणि बहुधा पडत नाही, त्या पांघरुणाविषयी.

पहाटे तीनच्या सुमारास यार्डातून एक फेरी मारून पाहा. गाडीवान पाचटाची शेकोटी करून, कानाला मफलर गुंडाळून बसलेला असतो. बैल मात्र उघडा. निफाडकडे थंडी कडाडली की पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. आपल्याकडं रोज तेवढी थंडी पडत नाही हे खरं. पण बैलाला नुसती थंडी फारशी बाधत नाही, हे आधी ध्यानात घ्या. कोरड्या अंगाचा, पोटभर वैरण खाल्लेला, आडोशाला बांधलेला बैल आपली ऊब आपण राखतो. त्याच्या अंगावरचे केस उभे राहतात, केसांत हवा धरून ठेवली जाते आणि तीच हवा त्याचं पांघरूण होते. शिवाय कडब्यासारखी कोरडी वैरण पोटात मुरताना आतून उष्णता तयार होते. म्हणून रात्रीच्या वैरणीत नुसतं वाढं टाकून भागत नाही, पेंढीभर कडबा हवाच.

गोष्ट बिघडते ती अंग ओलं असताना. घामानं केस चिकटून बसले की त्यातली हवा जाते. वर वारा लागला की अंगातली उष्णता भराभर ओढली जाते. दोन-तीन टनांचा ऊस ओढून आलेला बैल एकदम उघड्यावर उभा केला, तर अशानंच त्याला कापरं भरतं. पुढं ताप, नाक वाहणं, धाप लागणं असं दुखणं मागं लागतं.

म्हणून झूल टाकायचीही एक रीत आहे. गाडी सोडल्या सोडल्या ओल्या अंगावर जाड झूल टाकू नये. आधी गोणपाटाचा कोरडा बोळा घेऊन पाठ, बरगड्या आणि मानेचा भाग केसांच्या उलट्या-सुलट्या दिशेनं चोळून काढावा. पाचटानं चोळू नका, त्याच्या कडा अंगाला कापतात. बैल थोडा फिरवावा, धाप बसू द्यावी, आणि मग झूल टाकावी. अर्ध्या तासानं खांद्यामागं झुलेखाली हात घालून पाहावं. हाताला कोरडी ऊब लागली तर ठीक. दमट लागलं तर झूल काढून उलटी करून परत टाकावी, किंवा दुसरी कोरडी टाकावी. ज्याच्याकडं घोडी आहे त्याला हे सांगायला नको. घोडं दौडून आलं की जाणता माणूस हेच करतो.

आता झूल कशाची? सगळ्यांत सोयीचं आजही तागाचं गोणपाट. दोन पोती उसवून, एकावर एक ठेवून, मध्ये जुन्या लुगड्याचे दोन-तीन पदर घालायचे आणि दाभण-सुतळीनं टाके टाकायचे. घरातल्या गोधडीसारखंच काम. पदरांमध्ये हवा राहते, आणि ताग घामाची वाफ बाहेर जाऊ देतो. साखरेचं रिकामं पोतं वापरणार असाल तर ते आधी पाण्यातून नीट काढा. नाही तर मुंगळे लागतात आणि शेजारचा बैल चाटून-चघळून त्याची लक्तरं करतो.

घोंगडी असेल तर फारच उत्तम. लोकर ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही, हा गुण गोणपाटात नाही. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, त्यामुळं ती ताठ राहते, अंगाला नीट बसत नाही. थोडी वापरून मऊ झालेली जुनी घोंगडी बैलाला बरी.

खताच्या प्लॅस्टिक पोत्यांविषयी मात्र आम्हाला स्पष्ट लिहायला हवं, कारण अलीकडं तीच सर्रास दिसतात. फुकट मिळतात, हलकी असतात, पाणी धरत नाहीत. पण पाणी बाहेरून आत येत नाही तसंच आतलं बाहेरही जात नाही. आमच्या पाहण्यातली गोष्ट आहे. एका गाडीवानानं अशी चार पोती जोडून रात्री बैलावर टाकली. पहाटे नंबर आला म्हणून झूल काढली तर पाठीवरनं वाफा निघत होत्या, बैल भिजल्यासारखा ओला. तसाच वाऱ्यात गाडीला जुंपला. तिसऱ्या दिवशी बैल बसला तो आठ दिवस उठला नाही. जनावर वाचलं, पण तेवढे दिवस गाडी उभी. जोडीतला दुसरा बैल बसून खात होता आणि नवरा-बायकोची उचल फिटायच्या ऐवजी वाढत होती. चांगल्या जोडीला आज सहसा लाखाच्या वर मोजावे लागतात. त्या मानानं दोन गोणपाटांचा खर्च तो काय?

शिवाय युरियाच्या पोत्याच्या कोपऱ्यात खडे राहतात. ते बैलाच्या पोटात गेले तर पोट फुगतं, तोंडाला फेस येतो, जनावर थरथरून आडवं पडतं. तसं दिसलं तर वेळ न घालवता पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवावं. कीटकनाशकाच्या पिशव्या तर जनावराच्या जवळपाससुद्धा नकोत.

अवकाळी पाऊस आला तर? भिजलेलं गोणपाट पाठीवर असण्यापेक्षा नसलेलं बरं. पावसापुरतं झुलेवर मेणकापड टाकावं आणि पाऊस थांबताच काढावं.

माप घेताना घोड्याच्या झुलेला नसलेली एक अडचण बैलाला असते, ती म्हणजे वशिंड. सरळ कापड टाकलं तर ते वशिंडावर तंबूसारखं उभं राहतं, दोन्ही बाजूंनी वारा शिरतो आणि घासून घासून वशिंडावरचे केस जातात. सुतळी घेऊन वशिंडाच्या मागच्या बाजूपासून शेपटाच्या मुळापर्यंत लांबी मोजावी. रुंदी एका बाजूच्या पोटाच्या खालच्या रेषेपासून पाठीवरून दुसऱ्या बाजूपर्यंत. पुढं दोन पट्ट्या सोडून त्या वशिंडाच्या दोन्ही अंगांनी आणून छातीपुढं सैल बांधाव्यात. जूं बसतं त्या जागी शिवण, गाठ काहीही येता कामा नये. खांदा आलेला असेल तर ती जागा मोकळीच ठेवावी. पोटाखालची पट्टी सुती हवी, चार बोटं आत जातील इतकी सैल आणि ओढताच सुटणाऱ्या गाठीची. नायलॉनची दोरी कातडी कापते. आणि झूल घालून बैल गाडीला जुंपायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

शेकोटीजवळ झुलेचा बैल बांधू नये. पाचटाची ठिणगी वाऱ्यानं उडते आणि ताग पेटायला वेळ लागत नाही.

उन्हं वर आली की झूल काढलीच पाहिजे. दुपारी झूल तशीच ठेवणारे काही जण आहेत, त्यांनी स्वतः घोंगडी पांघरून उन्हात तासभर बसून पाहावं! काढलेली झूल उलटी करून, झटकून, उन्हात टाकावी. गोचिडं शिवणीत लपतात, तिथं नजर टाकावी. ज्याची झूल त्यालाच घालावी. गजकर्ण, खरूज ही दुखणी झुलेतून एका जनावराकडून दुसऱ्याकडं जातात, आणि गजकर्ण तर झूल हाताळणाऱ्या माणसालाही होतं. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा आपण सर्वांनी गोठ्यात माश्या-गोचिडांचा बंदोबस्त केला, तो झुलांच्या बाबतीतही चालू ठेवावा. त्वचेचं दुखणं झालेल्या जनावराची गोणपाटाची झूल उकळत्या पाण्यातून काढावी. फार जुनी असेल तर जाळून टाकावी.

घोंगडी मात्र उकळू नये, आटून आखडते. थंड पाण्यात रिठ्यानं धुवावी, पिळू नये, सावलीत पसरावी.

दुभत्या संकरित गाईंना झूल लागते का, असंही सभासद विचारतात. धडधाकट मोठ्या गाईला कोरड्या गोठ्यात लागत नाही, त्या जातींना थंडीपेक्षा उन्हाचा त्रास जास्त. वासराला, विशेषतः पहिल्या पंधरवड्यात, रात्री जरूर घालावी आणि खाली कोरडा पेंढा पसरावा. उन्हाळ्यात गाईवर ओलं पोतं टाकतात. वारा खेळता असेल तर त्यानं गारवा मिळतो. बंद, पत्र्याच्या गोठ्यात त्याचीच वाफ होऊन गाय जास्त धापते.

पट्टा पडला, टोळ्या गावी गेल्या की झुला कुठंतरी सपरात फेकल्या जातात आणि पुढच्या दिवाळीला उंदरांनी पोखरलेल्या सापडतात. दोन कडक उन्हं दाखवून, वाळलेला लिंबाचा पाला घडीत घालून त्या आढ्याला दोरीनं टांगाव्यात. घोंगडीला कसर लागते, तेव्हा ती पावसाळ्यात उघडीप मिळेल तशी एक-दोनदा उलगडून झटकावी.